माल ढाक्यात शिवा, पण कागद इथेच पक्का करा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गावाकडच्या तरुणांनी, बचत गटांनी स्वतःच्या नावाचा कपड्यांचा ब्रँड काढल्याच्या बातम्या हल्ली जिल्हा पानावर वाचायला मिळतात. डिझाइन पुसदचं किंवा आर्वीचं, फोटो कपाशीच्या बांधावरचे, विक्री मोबाइलवरून, आणि शिलाई ढाक्यात, ग्वांगझौला किंवा हो ची मिन्ह सिटीत. बातमी वाचून आणखी दहा घरांत हुरूप येतो, आणि तो यायलाच हवा. पण परदेशातून माल शिवून घेताना पैसा कुठे बुडतो, हे त्या बातमीत कधी येत नाही. कापड तपासणी आणि शिलाईच्या कामातले आम्ही काही जण ते इथे लिहीत आहोत. पत्र लांबलं आहे, पण हा विषय अर्धवट सांगून उपयोगाचा नाही.

कारखाना कागद शिवतो. कागदावर जे नाही ते तो आपल्या सोयीनं ठरवतो, आणि त्याची सोय नेहमी स्वस्ताकडे जाते. यात त्याची लबाडी असतेच असं नाही. पाचशे किलोमीटरवरच्या कारखान्यात जाऊन 'अहो, असं नव्हे' म्हणता येतं, ढाक्यात रोज जाता येत नाही, एवढाच फरक.

या कागदाला टेक पॅक म्हणतात. व्हॉट्सॲपवरचा फोटो म्हणजे टेक पॅक नाही. साध्या सुती कुर्तीचा टेक पॅकसुद्धा सहा ते दहा पानांचा होतो. पुढचं-मागचं सपाट रेखाचित्र, मापांचा तक्ता, कापड, दोरा, शिवणीचे प्रकार, इंचाला किती टाके, बक्रम, बटणं, लेबल कुठे आणि किती अंतरावर, घडी कशी, पिशवी कोणती, हे सगळं त्यात यावं लागतं. एकच ओळ जवळून पाहा. 'पुढे पाच बटणं' एवढं लिहून भागत नाही. पक्की ओळ अशी असते: 'बटण चार छिद्रांचं, पॉलिएस्टर, १८ लाइन म्हणजे ११.४ मिमी, रंग कापडाशी जुळता, पाच नग, सहावं जादा बटण आतल्या शिवणीत, टाका लॉकस्टिच, पहिलं काज गळ्याच्या शिवणीपासून १.५ सेंमीवर, पुढची सात-सात सेंमीवर, काजं उभी.' यातला लॉकस्टिच (दोन दोरे एकमेकांत अडकवणारा टाका) हा एक शब्द गळला, की बटण एकेरी दोऱ्याच्या साखळी टाक्यानं बसतं. मागचं मोकळं टोक ओढलं गेलं की टाका सरसर उसवतो आणि दुसऱ्या धुण्यात बटण बादलीच्या तळाशी सापडतं. सहाशे कुर्त्यांची तीन हजार बटणं इथे हातानं पुन्हा लावायची मजुरी कोण देणार?

मापांत सगळ्यात मोठी गफलत छातीची होते. आपला टेलर फीत अंगाभोवती फिरवतो. कारखाना कपडा टेबलावर सपाट ठेवून मुंढ्याच्या २.५ सेंमी खाली, एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत मोजतो. नुसतं 'छाती ४०' लिहिलं तर ती अंगाची की कपड्याची, अर्धी की पूर्ण घेराची, हे समोरचा आपल्या मनानं धरतो. अंगाची छाती ९६ सेंमी असेल आणि ८ सेंमी सैल ठेवायची असेल, तर कपड्याचा घेर १०४ आणि सपाट माप ५२ सेंमी. तक्त्यात ५२ लिहायचं आणि शेजारी कुठून कुठे मोजायचं त्याचं चित्र काढायचं. पुढे सवलत, म्हणजे किती फरक चालेल तेही. अर्ध्या छातीला १ सेंमी कमी-जास्त ही सवलत सर्रास दिली जाते. पण दोन साइझमध्ये घेराचा फरक फक्त ४ सेंमी ठेवला असेल, तर १०४ चा एम मोठ्यात मोठा १०६ होतो आणि १०८ चा एल लहानात लहान १०६ होतो. दोन्ही साइझ एकच झाल्या आणि दोन्ही नियमानं पास! म्हणून दोन साइझमधला फरक ५ सेंमी ठेवा किंवा सवलत कमी करा. कारखान्याचा तयार तक्ता तर वापरूच नका. चीनमधल्या तक्त्यातला एक्सएल आपल्याकडच्या एम-एलच्या आसपास भरतो, आणि बायकांच्या कपड्यांत दंड हमखास आवळ येतो.

आता कापड. टी-शर्टसाठी '१८० जीएसएम' असा करार होतो, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन १८० ग्रॅम. प्रत्यक्षात १६० चं कापड येतं. हाताला ते लगेच कळत नाही, पण कापडाच्या पैशातले अकरा टक्के तिथेच वाचवले गेलेले असतात. हे पकडायला प्रयोगशाळा लागत नाही. कापड पसरून, न ताणता, बरोबर १० बाय १० सेंमीचा तुकडा धारदार ब्लेडनं कापा आणि गावातल्या सोनाराच्या काट्यावर ठेवा. काटा १.८० ग्रॅम दाखवत असेल तर १८० जीएसएम, १.६० दाखवला तर १६०. ग्रॅमला शंभरनं गुणायचं, बस. थानाच्या कडेला, मध्ये आणि दुसऱ्या टोकाला असे पाच तुकडे घेऊन सरासरी काढा. काठावरचा पाच सेंमी भाग सोडा. करारात ५ टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य असतो, त्यापलीकडे नाही. आणि वजन धुतल्यावरचं की आधीचं, तेही लिहा, कारण आटलेलं कापड जड भरतं.

आटण्याची चाचणी तर घरोघरी व्हावी. कापडावर पक्क्या शाईनं ५० बाय ५० सेंमीचा चौकोन आखा, तीनदा धुवा, वाळवा, पुन्हा मोजा. ५० चे ४८ झाले तर ४ टक्के आटलं. विणलेल्या कुर्तीच्या कापडाला ३ टक्के आणि टी-शर्टच्या होजियरीला ५ टक्के, याच्यावर गेलं तर कापड परत. पण धुवायचं कसं, इथे विदर्भाचा मुद्दा येतो. लेबलवर 'थंड पाण्यात धुवा, सावलीत वाळवा' असतं. आपल्याकडे बोअरचं जड पाणी, वडीचा साबण, दगडावर घासणं आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात दोरीवर वाळवणं. गिऱ्हाईक जसं धुणार तसंच धुऊन पाहिलं पाहिजे. कारखान्याचा अहवाल त्याच्या मशीनमधल्या धुण्याचा असतो. याच चाचणीत टी-शर्टच्या बाजूची शिवण पुढे वळते का तेही पाहा. एकेरी जर्सीच्या, म्हणजे टी-शर्टच्या साध्या होजियरीच्या, सुताला पीळ जास्त असला आणि कापड नीट बसवलं नसलं, की धुतल्यावर पीळ उलगडतो आणि डाव्या कुशीतली शिवण पोटावर येते. शिवणारा कितीही हुशार असो, हा दोष कापडातच असतो, म्हणून कटिंगच्या आधीच पकडावा लागतो.

रंगाचं थोडक्यात. मोबाइलच्या पडद्यावर रंग कधी मंजूर करू नका. हातात मावेल असा कापडाचा तुकडा किंवा पँटोन या रंगांच्या पुस्तकातला टीसीएक्स (सुती कापडावरच्या छटेचा) नंबर पाठवा. कारखाना त्यावरून तीन छटांचे नमुने देतो, त्यांना लॅब डिप म्हणतात. ते सकाळच्या उजेडात, उत्तरेकडच्या खिडकीत पाहा आणि ट्यूबलाइटखालीही पाहा. एका उजेडात जुळणारा रंग दुसऱ्यात वेगळा दिसू शकतो. गडद लाल, निळा आणि काळा ओल्या पांढऱ्या मलमलीवर दहा वेळा घासा. मलमल रंगली तर रंगवल्यावर साबणाची धुलाई पुरी झालेली नाही असं समजा. कराराच्या भाषेत धुण्याला पक्केपणा १ ते ५ च्या मोजपट्टीवर किमान ४ मागा. ओल्या घासणीला गडद रंगात ३ मिळाला तरी खूप. कुर्तीचा पुढा एका लॉटचा (एका वेळी रंगवलेल्या कापडाचा) आणि बाही दुसऱ्या लॉटची लागू नये, हेही लिहून ठेवा.

नमुन्यांच्या पायऱ्या चार: पहिला नमुना, बसण्याचा नमुना, सगळ्या साइझचा संच, आणि खऱ्या कापडात, खऱ्या बटणा-लेबलांसह उत्पादनाआधीचा पीपी नमुना. घाईत लोक तिसरी पायरी गाळतात. एम बरोबर बसला म्हणून एक्सएक्सएल बसेल असं होत नाही. साइझ वाढवताना कटिंग मास्टरनं खांदाही छातीइतकाच वाढवला की बाही कोपरापर्यंत उतरते. पीपी नमुन्याच्या दोन प्रती सही करून सीलबंद करा, एक त्यांच्याकडे आणि एक आपल्याकडे. पुढचा प्रत्येक वाद त्या प्रतीवर सुटतो. सही होईपर्यंत कटिंग नाही, हे ऑर्डरमध्ये ठळक लिहा.

किमान नगांवरून लोक चिडतात. कारखाना 'एका रंगात ५०० पेक्षा कमी नाही' म्हणतो तो मस्ती म्हणून नव्हे. रंगाईचं मशीन ठरावीक किलोंशिवाय परवडत नाही, आणि शिलाईच्या लाइनला नवा कपडा हातात बसायला पहिला-दुसरा दिवस जातो. मोठे कारखाने तर हजारोंच्या खाली बोलतही नाहीत. मग मधला दलाल ६०० नग घेतो आणि ते एखाद्या आडबाजूच्या शेडमध्ये जातात. ढाक्याजवळ साभारला २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक कामगार गेले. त्यांच्यात बहुसंख्य गावाकडून आलेल्या तरुण मुली होत्या. आपल्या बहिणींनी काढलेल्या ब्रँडचा कपडा कुठल्या छताखाली शिवला जातो, हे विचारणं आपलं काम आहे. कारखान्याचा पत्ता, इमारतीचा आणि आगीच्या सुरक्षेचा दाखला मागा, आणि 'लेखी परवानगीशिवाय काम बाहेर देणार नाही' हे कलम घाला. गुणवत्ता नेमकी तिथेच बिघडते, हेही आहेच.

किंमत काढताना फक्त नगाचा भाव धरू नका. ६०० टी-शर्ट म्हणजे ६०-६० चे दहा कार्टन, कार्टन ६० बाय ४० बाय ४० सेंमी, मिळून साधारण एक घनमीटर. हा माल दुसऱ्यांच्या मालाबरोबर कंटेनरमध्ये येतो. तपासनिसाचा दिवस, बंदराचे आकार, कस्टम एजंट, कागदपत्रं, न्हावा शेव्याहून नागपूरचं भाडं हे सारं ६०० नग असोत की ३०००, जवळपास तेवढंच राहतं. समजा ते ६०,००० रुपये झालं, तर ६०० वर नगामागे १०० रुपये आणि ३००० वर २० रुपये. त्यावर शुल्क. एका रंगात हजाराच्या आत माल असेल तर परदेश सोडा, तिरुपूर, इचलकरंजी किंवा नागपुरातच शिवा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

शुल्काचा हिशेब बंदरात पोचलेल्या किमतीवर होतो, म्हणजे माल अधिक भाडं अधिक विमा. भाड्याची आणि विम्याची पावती नसेल तर कस्टम नियमाप्रमाणे मालाच्या किमतीच्या २० टक्के भाडं आणि १.१२५ टक्के विमा धरतं, म्हणून पावत्या जपा. उदाहरणादाखल किंमत १०० रुपये आणि मूळ शुल्क २० टक्के धरलं, तर २० रुपये, त्यावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार २ रुपये, आणि १२२ वर ५ टक्के जीएसटी ६ रुपये १० पैसे. एकूण १२८ रुपये १० पैसे. (२५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के आणि वरच्याला १८ टक्के, हे दर २२ सप्टेंबर २०२५ पासूनचे.) अनेक कपड्यांवर टक्केवारी किंवा नगामागे ठरावीक रुपये, यांतलं जे जास्त ते लागतं. स्वस्त मालाला ते फार महाग पडतं, म्हणून आपल्या कपड्याचा कस्टमच्या दरपत्रकातला आठ आकडी कोड आधी काढून घ्या. होजियरी त्या दरपत्रकाच्या ६१ व्या प्रकरणात, विणलेलं ६२ व्या. बांगलादेश किंवा व्हिएतनामच्या मालाला शुल्कसवलत मिळू शकते, पण ती मूळ देशाच्या दाखल्यावर. माल खरंच तिथे तयार झाला याची माहिती कस्टमच्या २०२० च्या नियमांप्रमाणे आयातदारानं स्वतःकडे ठेवायची असते. ज्या कपड्याचा धागा आपल्याच रुईचा असू शकतो त्याच्या मूळ देशाचा पुरावा आपल्यालाच द्यावा लागतो, ही गोष्ट कास्तकाराच्या घरातल्या मुलांनी नीट समजून घ्यावी.

वाटही बदलली आहे. १७ मे २०२५ च्या आदेशानं बांगलादेशच्या तयार कपड्यांचा जमिनीवरचा मार्ग बंद झाला आणि न्हावा शेवा व कोलकाता ही दोनच बंदरं राहिली. पेट्रापोलच्या सीमेवरून ट्रकनं चार दिवसांत माल येईल हा जुना हिशेब धरून कुणी भाव देत असेल तर सावध व्हा. ऑर्डर द्यायच्या दिवशीचा नियम एजंटकडून लेखी घ्या. आयात-निर्यात कोड ऑनलाइन मिळतो, पण दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो अद्ययावत केला नाही तर बंद पडतो आणि माल बंदरात अडकतो. बंदी घातलेले ॲझो रंग वापरलेले नाहीत असा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा दाखला मालाबरोबर हवा. नसला तर नमुने तपासायला जातात आणि जागेचं भाडं रोज चढतं. आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत या पट्ट्या कारखान्यातच लावून घ्या. आणि 'मेड इन बांगलादेश' कापून तिथे विदर्भाचं नाव टाकायचा सल्ला कुणी देत असेल, तर तो गुन्हा आहे आणि गिऱ्हाइकाची फसवणूकही.

पैशांची पद्धत ३० टक्के आगाऊ आणि ७० टक्के तपासणी पास झाल्यावर. तपासणी म्हणजे दलालानं काढलेला व्हिडिओ नव्हे. ८० टक्के माल कार्टनमध्ये भरल्यावर आपल्या बाजूचा तपासनीस जातो आणि कार्टन तोच निवडतो. जगभर चालणाऱ्या तक्त्याप्रमाणे ५०१ ते १२०० नगांच्या लॉटमधून ८० नग काढायचे. मोठे दोष ५ पर्यंत पास, ६ ला लॉट नापास. किरकोळ दोष ७ पर्यंत पास, ८ ला नापास. कपड्यात तुटकी सुई असा धोक्याचा दोष एकही चालत नाही. मोठा कोणता आणि किरकोळ कोणता, हे ऑर्डरबरोबरच लिहून द्या. पुढ्यावरचा तेलाचा डाग, भोक, सवलतीबाहेरचं माप, उसवलेली शिवण हे मोठे. आतल्या बाजूला लोंबणारा दोरा किरकोळ. नापास माल दुरुस्त करून पुन्हा तपासायचा खर्च कुणाचा, तेही तिथेच. एलसी, म्हणजे कागदपत्रं पाहून पैसे द्यायची बँकेची हमी, उघडली म्हणून निश्चिंत राहू नका. बँक कागद तपासते, कार्टन उघडत नाही. आणि 'आमचं बँक खातं बदललं' असा मेल आला तर आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर स्वतः फोन करून खात्री केल्याशिवाय रुपया पाठवू नका. मेल चोरून केलेली ही फसवणूक या धंद्यात सर्रास होते.

वेळेचं गणित आपल्या हंगामाशी बांधा. टेक पॅकला दोन आठवडे, नमुन्यांना सहा, कापडाला तीस ते पंचेचाळीस दिवस, शिलाईला तीन-चार आठवडे, समुद्राला तेवढेच, वर कस्टम. पाच ते सहा महिने झाले. बांगलादेशात दोन्ही ईदला आणि चीनमध्ये जानेवारी अखेर ते फेब्रुवारीत येणाऱ्या नववर्षाला कारखाने रिकामे होतात. चिनी नववर्षानंतर तर निम्मे कारागीर नवे असतात, तेव्हाचा पहिला माल जास्त बारकाईनं तपासा. दिवाळीचा माल श्रावणात समुद्रावर असतो. कंटेनरच्या आत घाम सुटतो आणि दमट भरलेला सुती कपडा बुरशी धरतो. इस्त्रीनंतर पूर्ण थंड झाल्याशिवाय पिशवीत घालू नये आणि कार्टनमध्ये सिलिका जेल टाकावं, ही एक ओळ टेक पॅकच्या शेवटच्या पानावर हवीच.

आता मागणी. गावोगाव शिवणकामाचे वर्ग चालतात, मशिनी वाटल्या जातात. २० सप्टेंबर २०२४ ला वर्ध्याच्या कार्यक्रमात अमरावतीच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणीही झाली. पण मापाचा तक्ता भरायला, नमुन्यावर शेरा लिहायला आणि ८० नग तपासायला कुठेच शिकवत नाहीत. जिल्हा उद्योग केंद्रांनी आणि आयटीआयनी मिळून तालुक्याला चार दिवसांचा वर्ग घ्यावा. त्यासाठी एक मोठं टेबल, काचतंतूच्या न ताणणाऱ्या फिती, ०.०१ ग्रॅमचा काटा आणि रंग पाहायची दिव्यांची पेटी पुरते. हेच कसब उद्या अमरावतीत बाहेरच्या ब्रँडसाठी शिवतानाही लागणार आहे. आपल्या वार्ताहरांनाही विनंती आहे की पुढची यशोगाथा लिहिताना किती नग आले, किती नापास झाले आणि तीन धुण्यांनंतर किती आटले, एवढं विचारून छापावं. दिवाळीच्या ऑर्डरी एप्रिलमध्ये सुटतात, तेव्हा हे वर्ग मार्चच्या आत व्हायला हवेत.

आपले,
कापड तपासणी व शिलाई क्षेत्रातले काही जण
ता. आर्वी, जि. वर्धा